बाईंची बैठक

सकाळी काम सुरू करण्याआधी बाई डोळे मिटून हात पुढे करायच्या. खुर्चीत पार मागेपर्यंत सरकून बसायचं, पाठ टेकवायची, डोळे मिटायचे आणि उजवा हात सरळ समोर लांबवायचा. मधल्या बोटाचं टोक स्क्रीनला जेमतेम लागलं पाहिजे. लागलं की बाई डोळे उघडायच्या आणि कामाला लागायच्या. नाही लागलं, तर दुसऱ्या शिफ्टमधलं कुणीतरी आपल्या जागी बसून गेलं हे त्यांना कळायचं. मग त्या अज्ञात माणसाचा उद्धार करत त्या स्क्रीन पुन्हा जागेवर आणायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाई देवाचं काहीतरी करतायत. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी आदरानं उभा राहिलो.

"बस खाली," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "आरती न्हाई चालली."

चाकणच्या पट्ट्यातली आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग करायची. पत्रा दाबून भाग काढायचा तर आधी साचा लागतो, आणि साचा घडवायचा तर आधी त्याचं चित्र लागतं. ती चित्रं संगणकावर काढणारी आमची खोली. खाली शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कारखान्यात, पत्रा दाबणारे प्रेस धडधडत असायचे आणि वर आम्ही मोजकी माणसं दिवसभर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेलो. अशा खोल्या तुम्हीही पाहिल्या असतील. तिथला माणूस थकतो, पण त्याला घाम येत नाही. त्यामुळे तो थकला यावर कुणाचा विश्वास बसत नाही. घरच्यांचाही नाही.

बाई त्या खोलीत सगळ्यांत जुन्या. मी लातूरकडून नोकरीसाठी आलो, कासारवाडीत खोली घेतली आणि पहिल्या दिवशी त्यांना मॅडम म्हणालो. त्यांनी नाक मुरडलं. शाळेत शिकवायला होत्या त्यांना काय म्हणायचास, असं विचारलं. बाई म्हणायचो, असं मी सांगितलं. मग तेच म्हण, म्हणाल्या. त्या मला शिकवणार आहेत हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

शिकवणी त्याच दुपारी सुरू झाली. मी नेहमीच्या सवयीनं खुर्चीच्या कडेवर टेकून, हनुवटी पुढे काढून एका साच्याच्या रेघा बघत होतो. बाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.

"तू बसतोस का प्रश्नचिन्ह काढतोस?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला उठवलं, प्रिंटरजवळचे कोऱ्या कागदांचे गठ्ठे आणून माझ्या स्क्रीनखाली सरकवले, खुर्चीचा खटका दाबून ती खाली घेतली आणि कीबोर्ड माझ्या पोटाजवळ ओढला. कोपर अंगाला लागलेलं हवं, मनगट सरळ हवं, पावलं जमिनीवर हवीत. पाय लोंबकळले की कंबर लोंबकळते, हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू मी कुणाची तरी कंबर चोरून वापरत होतो. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन.

"आपण मशीनला जुळायचं न्हाई. मशीननं आपल्याला जुळायचं."

बाई मोशीच्या. गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या सूनबाई, आणि माहेरही त्याच पट्ट्यातलं. एरवी पुण्याच्या माणसासारखं स्वच्छ बोलायच्या, पण कुठलीही गोष्ट ठासून सांगायची असली की गावाकडची बोली आपोआप वर यायची. त्यांची जमीन केव्हाच गेली होती, तिथं आता कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या होत्या. त्यामुळे हिला नोकरीची काय गरज, असं त्यांचे मिस्टर भेटेल त्याला सांगायचे. बाईंचं त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांना गरज न्हाई, मला हाय.

उंचीनं त्या पाच फुटांच्याही आतल्या. कंपनीनं टेबलं घाऊक आणलेली, आणि ती कुठल्यातरी धिप्पाड माणसाच्या मापानं केलेली. टेबलाला हात पोचावा म्हणून खुर्ची वर घेतली की बाईंचे पाय हवेत. पाय टेकावेत म्हणून खुर्ची खाली घेतली की टेबल छातीशी. परदेशातून मशीन आली की तिच्याबरोबर पाइनच्या लाकडाच्या पेट्या यायच्या. ते लाकूड पॅकिंग विभागातले सुतार मुसाभाई यांच्या ताब्यात असायचं. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि हातानं माप दाखवून एक बुटका, पुढून उतरता पाट मागितला. मुसाभाईंनी विचारलं, पूजेला पाहिजे का. बाई म्हणाल्या, पायाला पाहिजे. पाय ठेवायला पाट आणि तोही उतरता, ही गोष्ट मुसाभाईंना पटेना. दोघांचं चांगलं भांडण झालं. पहिला पाट त्यांनी मुद्दाम सपाट केला, बाईंनी तो परत पाठवला. दुसरा उतरता झाला. पुढे मुसाभाईंनी स्वतःसाठीही एक केला, पण तो ते कुणाला दाखवत नसत.

स्क्रीनवर खिडकीचा उजेड पडायचा म्हणून बाईंनी आपलं टेबल आडवं फिरवून घेतलं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा झगझगाट डोळ्यांना लागायचा म्हणून तिचा स्टार्टर काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. इलेक्ट्रिशियन यायचा, नवा स्टार्टर बसवून जायचा. बाई तोही काढून ठेवायच्या. शेवटी तो यायचा बंद झाला. थोड्या थोड्या वेळानं त्या उठून खिडकीशी जायच्या आणि लांब बघत उभ्या राहायच्या. खिडकीतून दिसायचा तो कंटेनरचा पार्किंग तळ, त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीची चिमणी आणि त्याहून पलीकडे धुरकट डोंगर. डोळ्याला लांबचं दिसलं पाहिजे, एवढंच त्या म्हणायच्या. येताना ज्याच्या पाठीला बाक आलेला दिसेल त्याच्या खुर्चीला एक टिचकी.

हे सगळं त्यांना कुठून सुचलं, ते मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. मी नाशिक फाट्याला चढायचो, त्या मोशीला. चाकणच्या चौकात बस अडकली की बोलायला वेळच वेळ. मी येण्याच्या काही वर्षं आधी त्यांचा उजवा हात गेला होता. आधी बोटांना मुंग्या, मग अंगठ्यात जोर नाही, आणि एक दिवस परातीतून उचललेली भाकरी तव्यापर्यंत पोचायच्या आत हातातून खाली पडली. ती भाकरी जमिनीवर पडलेली बघून आपल्याला कधी नव्हे ती भीती वाटली, असं बाईंनी मला सांगितलं. डॉक्टरांनी मनगटातली नस दबली म्हणून सांगितलं. मिस्टर म्हणाले, नोकरी सोड. सासूबाई म्हणाल्या, सोड. डॉक्टरही म्हणाले, शक्य असेल तर सोडा.

"मी म्हटलं, हात टेबलानं घालवला, मग टेबल बदलू. नोकरीनं काय केलंय?"

त्यांनी सुट्टी घेऊन हाताचे व्यायाम केले, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला प्रश्न विचारून भंडावलं, आणि कामावर परत येऊन आधी टेबल फिरवलं. हात पूर्ववत झाला नाही. थंडीत करंगळी सोडून सगळी बोटं बधिर व्हायची. पण त्या डाव्या हातानं माउस चालवायला शिकल्या आणि त्यांचे साचे शॉपमधून दुरुस्तीला परत येण्याचं प्रमाण आम्हां सगळ्यांपेक्षा कमी राहिलं.

बाई चुकत नव्हत्या असं नाही. एकदा त्यांनी एका उत्साहाच्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांच्या स्क्रीन एकाच उंचीवर आणल्या. दोरी लावून बघितलं तरी सरळ दिसतील अशा. आठवडाभरात शिंदे मान धरून बसले. शिंदे म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे, पन्नाशीकडे झुकलेले, स्वभावानं इतके गरीब की पंखा बंद करायचा असला तरी आधी सगळ्यांना विचारायचे. त्यांचा चष्मा दुहेरी काचेचा, जवळचं बघायला खालची काच. स्क्रीन वर गेल्यामुळे ते दिवसभर हनुवटी उचलून बघत होते आणि बाईंना वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते. बाईंना कळलं तेव्हा त्या ओशाळल्या. शिंद्यांच्या स्क्रीनखालचे सगळे गठ्ठे स्वतः काढले आणि म्हणाल्या की आपण कंपनीसारखंच केलं, सगळ्यांना एकाच मापात बसवलं. त्यानंतर त्या कुणाचंही टेबल लावताना आधी त्याला बसायला सांगायच्या, नुसतं बघायच्या, आणि मग हात लावायच्या.

मग प्लँटला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. उंच, टापटीप, सगळ्यांशी अहो-जाहो बोलणारा. पण त्यांना ऑफिस चकाचक हवं होतं. परदेशी ग्राहक येणार, त्यांनी काचेतून आत बघितलं की एक रेष दिसली पाहिजे, असं ते म्हणायचे. शनिवार-रविवारच्या सुट्टीत त्यांनी खोली बदलून टाकली. जुनी टेबलं गेली. त्या जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलासारखे लांबच लांब पांढरे बाक आले. मोठ्या स्क्रीन गेल्या, प्रत्येकाला लॅपटॉप मिळाला. खुर्च्या नव्या, दिसायला देखण्या आणि वर-खाली न होणाऱ्या. ज्यानं यावं त्यानं मिळेल तिथं बसावं, बाकावर स्वतःची कुठलीही वस्तू ठेवू नये, असा नियम.

सोमवारी बाई आल्या, दारातच थांबल्या, सगळीकडे नजर फिरवली. मग खाली वाकून बघितलं. पाट नव्हता. हाउसकीपिंगच्या माणसानं सांगितलं, सगळं स्क्रॅपमध्ये गेलं. बाई तशाच मागे वळल्या. खाली उतरल्या, शॉप ओलांडून मागच्या स्क्रॅप यार्डात गेल्या. तिथल्या सिक्युरिटीवाल्यानं अडवलं, कारण स्क्रॅपमध्ये गेलेली वस्तू परवानगीशिवाय बाहेर आणता येत नाही. बाईंनी त्याला समजावलं की मी बाहेर नेत नाही, आत नेतेय. तो विचारात पडला तोवर त्या पाट काखोटीला मारून निघाल्या. प्रेसच्या रांगांमधून, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून, हेल्मेट घातलेली ती बुटकी बाई पाट घेऊन चालली होती, आणि ऑपरेटर मशीन थांबवून बघत होते.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. एचआरची मुलगीही होती. ती बिचारी पुन्हा पुन्हा सांगत होती की ही पॉलिसी आहे, सगळ्यांना सारखीच. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"पॉलिसी बसते का खुर्चीवर?" बाई म्हणाल्या. "मी बसते."

साहेबांनी तोडगा काढला. बाईंना हवं तर मीटिंग रूममध्ये एक वेगळं टेबल देऊ. बाईंनी विचारलं, बाकीच्यांना? साहेब म्हणाले, बाकीच्यांची तक्रार नाही. खरंच नव्हती. आम्ही सगळे लॅपटॉपवर मान घालून गप्प बसलो होतो. प्रत्येकाच्या घरी कर्जाचे हप्ते होते, मुलांच्या शाळा होत्या, आणि मान तर काय, दुखून दुखून सवय होते. बाईंनी मीटिंग रूम नाकारली. त्या बाहेर आल्या, भिंतीशी नकाशे ठेवायचं जुनं लोखंडी कपाट होतं, ते त्यांच्या छातीपर्यंत यायचं. त्यांनी त्या पाटावर चढून कपाटावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्यानं काम सुरू केलं.

त्या दिवसापासून बाई बसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत पायांना सूज यायची, बसमध्ये त्या बूट सैल करायच्या आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर पाय ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, हट्ट कुणाशी करताय, पाय तुमचेच जातील. त्या म्हणाल्या की जातील तेव्हा जातील, पण माझ्यासाठी नाही ती खुर्ची माझी आहे असं मी कबूल करणार नाही. मग खिडकीबाहेर बघत राहिल्या. थकलेल्या दिसत होत्या. पण हरलेल्या दिसत नव्हत्या.

पावसाळा संपता संपता शिंदे पडले. पडले म्हणजे काय, दुपारी खुर्चीतून उठायला गेले आणि अर्धे वाकलेले तसेच अडकले. वर येता येईना, खाली बसता येईना. तोंडातून आवाज निघेना, फक्त डोळ्यांतून पाणी. आम्ही चौघांनी मिळून त्यांना फरशीवर कुशीवर निजवलं. बाई त्यांच्या डोक्याशी मांडी घालून बसल्या आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांच्या कपाळावर हात ठेवून होत्या. मणक्यातली चकती सरकली होती. ऑपरेशन सांगितलं.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हां सगळ्यांना एकत्र बोलावलं. शिंद्यांबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. पण वरून विचारणा झाली होती. साहेब म्हणाले की शिंद्यांनी मागच्या आठवड्यात घरी गॅसचा सिलिंडर उचलला होता, त्याचा हा परिणाम आहे, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेच. मी वर तसंच कळवतोय. कुणाचं काही वेगळं म्हणणं नाही ना.

कुणी मान हलवली नाही, कुणी तोंड उघडलं नाही. असं गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

"न्हाई," मागून आवाज आला. बाई कपाटाशी उभ्या होत्या.

साहेबांनी विचारलं, काय नाही.

"घरी न्हाई झालं. इथं झालं. शिंदे रोज इथं वाकडा बसत होता. मी बघत होते, हे सगळे बघत होते, तुमीबी बघत होता." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खाली होता. "सगळ्यांना एका मापात बसवायची चूक मीबी केली होती, साहेब. पण मान दुखली म्हटल्यावर मी गठ्ठे काढले. माझ्या बापाकडं बैल होते. बैलाचा खांदा सुजून आला की बाप त्याच्यावर जू ठेवत न्हवता. पेरणी थांबली तर थांबली. आणि बैलानं घरी काय उचललं, असं त्यानं कधी विचारलं न्हाई."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, भाषा सांभाळा. बाई म्हणाल्या, भाषा हीच हाय माझी.

पुढच्या आठवड्यात बाईंची बदली झाली. कंपनीच्या पार मागच्या टोकाला, दुसऱ्या गेटजवळ, जुने साचे ठेवायची पत्र्याची शेड होती. त्या साच्यांची चित्रं संगणकावर चढवायचं काम त्यांना दिलं. काम खरं होतं, पण ते इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं आणि कुणाला तातडीनं नकोही होतं. सगळ्यांना अर्थ कळला. निरोप द्यायला खाली गेलो तेव्हा मला रडू येत होतं. बाईंनी मला त्यांची पिशवी धरायला दिली आणि विचारलं की शेडला खिडकी आहे का. आहे, म्हटलं. मग झालं, म्हणाल्या.

महिन्याभरानं मी एका जुन्या साच्याच्या निमित्तानं शेडवर गेलो आणि दारातच उभा राहिलो. साच्यांच्या गंजक्या ढिगांमध्ये बाईंनी एक कोपरा झाडून घेतला होता. पाइनच्या लाकडाचं टेबल, बाईंच्या कोपराच्या उंचीचं. मुसाभाईंनी केलेलं, आणि या वेळी भांडण झालं नव्हतं. लॅपटॉप लाकडी ठोकळ्यावर, खाली वेगळा कीबोर्ड. खुर्ची जुनी, पण पाठीला गोधडीची घडी बांधलेली. उजेड डाव्या बाजूनं. कंपनीच्या मुख्य इमारतीत साहेबांची केबिन धरूनही इतकी नीट बसलेली दुसरी कुणी व्यक्ती नव्हती.

"बघतोस काय, बसून बघ," बाई म्हणाल्या. मी बसलो. माझ्या मापाचं नव्हतं, गुडघे टेबलाला लागले. त्यांना भारी आनंद झाला. "बघ. तुला होत न्हाई. म्हणजे बरोबर हाय."

हळूहळू तिकडे माणसांचा राबता वाढला. कुणी जुना साचा बघायला जायचं, कुणी चहा घ्यायला. जाणारा परत आला की त्याच्या बसण्यात काहीतरी फरक असायचा. मी एक दिवस माझ्या लॅपटॉपखाली कागदांचे गठ्ठे ठेवले आणि घरून कीबोर्ड आणला. संध्याकाळी हाउसकीपिंगनं उचलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवले, पुन्हा उचलले. तिसऱ्या दिवशी माझ्या पलीकडच्या मुलीनंही ठेवले. मग आणखी एकानं. आम्ही आपसात काही ठरवलं नव्हतं, एकमेकांकडे बघतही नव्हतो. एकीनं घरून उशी आणली, एकानं पायाखाली बुटांचं खोकं ठेवलं. साहेब रोज सकाळी येऊन ती वेडीवाकडी रांग बघायचे. काढा म्हणायचे. आम्ही काढायचो आणि ते गेले की पुन्हा ठेवायचो. काही दिवसांनी त्यांनी काढा म्हणणं सोडलं.

आणि मग शिंदे कामावर परत आले. कमरेला पट्टा, हातात काठी, वजन निम्मं. साहेब स्वतः दारापर्यंत गेले, पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की आता घरी सिलिंडर वगैरे उचलू नका. पंखा बंद करायला परवानगी मागणारा तो माणूस तिथंच उभा राहिला.

"सिलिंडर मी उचललाच नव्हता, साहेब," ते म्हणाले. "माझी पाठ या खुर्चीत गेली. मी आता हिच्यात बसणार नाही. काढायचं असेल तर काढा मला."

 सगळा भार काठीवर पडला होता. पण ते बसले नाहीत. मी उठून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मग ती पलीकडची मुलगी उठली. मग बाकीचे.  खालून प्रेसचा आवाज येत होता, त्या आवाजात आम्ही सगळे नुसते उभे होतो, आणि साहेब आमच्याकडे बघत होते.

होळीनंतर खुर्च्या आल्या. वर-खाली होणाऱ्या, पाठ मागे-पुढे करता येणाऱ्या. बाक कापून वेगवेगळी टेबलं झाली, दांडा फिरवला की उंची बदलणारी. स्क्रीनही परत आल्या. साहेबांनी सगळ्यांना ईमेल पाठवला की कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी व्यवस्थापनानं ही नवी योजना आखली आहे. मी तो मोबाइलवर उघडून शेडवर नेला आणि बाईंना वाचून दाखवला. मला राग आला होता. त्या मात्र पोट धरून हसल्या.

"होऊ दे त्यांची," म्हणाल्या. "बूड तर आपलंच टेकतंय."

त्यांना मात्र कुणी परत बोलावलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्या शेडमध्येच राहिल्या, आणि जाण्याआधी तिथल्या झाडून सगळ्या जुन्या साच्यांची चित्रं पुरी केली. आज एखादा जुना भाग पुन्हा काढायची वेळ आली की कंपनी त्यांच्याच चित्रांवर काम करते. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब बाईंच्या निष्ठेबद्दल बराच वेळ बोलले. मग बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपाशी आल्या, सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "उठा जरा. कधीचे बसलाय." अख्खा हॉल उभा राहिला. साहेबही उभे राहिले. बाईंचं भाषण तेवढंच.

पुढच्याच वर्षी हिवाळ्यात बाई गेल्या. काविळीचं निमित्त झालं, फार दिवस काढले नाहीत. मी परगावी होतो, मला उशिरा कळलं. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं आजारपण नाही, अंथरूण नाही. माझ्याजवळ आहे ती त्याआधीची, आमची शेवटची भेट.

एका शनिवारी सकाळी मी सहज त्यांच्या घरी गेलो होतो. मिस्टर ओट्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, ती शाळेत गेलीय, भांडायला. गावातल्या शाळेला कुणीतरी संगणक दिले होते, आणि ठेकेदारानं त्यासाठी लाकडी टेबलं करून दिली होती, मोठ्या माणसांच्या मापाची. तिसरी-चौथीतली पोरं खुर्चीवर गुडघे टेकून, नाहीतर उभं राहून कीबोर्डपर्यंत हात पोचवायची. बाईंनी हेडमास्तरांना अनेकदा सांगितलं होतं. हेडमास्तरांनी वर कळवलं होतं. वरून काही आलं नव्हतं.

मी शाळेत पोचलो तर व्हरांड्यात एक टेबल उलटं पडलेलं, चारही पाय आकाशाकडे. शेजारी बाई पदर खोचून फरशीवर बसलेल्या, हातात करवत. एक पाय अर्धा कापून झाला होता. सगळीकडे भुसा. जरा लांब हेडमास्तर उभे, हातातली किल्ली या हातातून त्या हातात करत.

"बाई, सरकारी मालमत्ता आहे," ते कळवळून म्हणत होते. "तपासणीला आले तर मी काय सांगू?"

"मोजून दाखवा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "टेबलं तेवढीच हायेत. पायबी तेवढेच हायेत. आखूड झालेत फक्त."

उजवा हात दुखत असणार. त्या मधूनच करवत डाव्या हातात घेत होत्या. मी पुढे होऊन म्हटलं, बाई, द्या इकडे, मी कापतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी रोजच तिथं येत होतो.

"कापतोस कसला, टेबल हलतंय. तू धर."

मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी टेबल दाबून धरलं. करवत पुन्हा चालू झाली. वर्गाच्या दारात पोरांची गर्दी झाली होती. थोड्या वेळानं लाकूड कडकन तुटलं आणि तुकडा फरशीवर पडला. बाईंनी तो पायानं बाजूला सारला, कपाळावरचा भुसा मनगटानं पुसला आणि दुसऱ्या पायाला करवत लावली.